गुडघ्याला बाशिंग

आपल्या भाषेने गुडघ्याची जेवढी थट्टा केली आहे तेवढी दुसऱ्या कोणत्याही अवयवाची केली नसेल. ज्याला बुद्धी कमी त्याची अक्कल गुडघ्यात. जो हरला त्याने गुडघे टेकले. आपल्याच माणसाची बाजू कुणी घेतली की म्हणायचे, गुडघे पोटाकडेच वळायचे. आणि लग्नाला उतावळा झालेला नवरदेव बाशिंग बांधतो तेही कपाळ सोडून गुडघ्याला! हृदयावर कविता झाल्या, डोळ्यांवर झाल्या, पैंजणांच्या निमित्ताने पावलांवरही झाल्या. गुडघ्यावर कुणी चार ओळी लिहिल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. मी तरी गेल्या वर्षापर्यंत त्याचा विचार कुठे केला होता? चालत्या गाडीचे चाक कोण न्याहाळीत बसतो? ते करकरले म्हणजे वंगणाची आठवण होते.

माझे चाक करकरले ते गेल्या वर्षाच्या आदल्या डिसेंबरात, महाविद्यालयीन कबड्डीच्या सामन्यात. बी. ए. भाग १ ची विद्यार्थिनी असूनही मला संघात घेतले होते, आणि त्या आनंदात मी जमिनीपासून चार बोटे वरूनच चालत होते. दुसऱ्या डावात मी चढाईला गेले. कोपऱ्यावरच्या मुलीला हूल द्यायची म्हणून डावा पाय रोवला आणि अंग झटकन उजवीकडे फिरवले. अंग फिरले, पाऊल मात्र जागच्या जागी राहिले. आत कुठेतरी आवाज झाला. उसाचे ओले कांडे मोडताना होतो ना, तसा आखूड आवाज. मी पडले. मजा अशी की त्या क्षणी मला कुणी शिवलेही नव्हते. दम न सोडता, 'कबड्डी कबड्डी' म्हणत मी मध्यरेषेपर्यंत सरपटत आले आणि मग रडले. प्रतिपक्षाच्या चारजणींनी दाबून धरले असते तर पडण्याला काही प्रतिष्ठा तरी होती. ही मी माझी मीच पडले होते!

नेसरीला घरी पोचेपर्यंत गुडघा घागरीच्या बुडासारखा गोल झाला होता. मग घरोघरी जे होते तेच आमच्याकडे झाले. आजीने आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप दिला. आत्याने विटकर तापवून शेकले. तिसऱ्या दिवशी एका हाडवैद्याकडे नेले. त्यांनी "वाटी सरकलीया" असे निदान करून, दोघांना मला धरायला लावून, पाय असा काही ओढला की मला दिवसा तारे दिसले. नंतर कुणीतरी शहाणपणाने एक्स-रे काढायला लावला. त्यात हाड शाबूत निघाले. साऱ्या घराने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि माझ्या दुखण्याचे 'लचक' असे नामकरण होऊन प्रकरण मिटले. एक्स-रेत हाड दिसते, हाडाला बांधून ठेवणारे दावे दिसत नाही, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

महिनाभरात सूज उतरली. मी चालू लागले. चालते म्हणजे बरी झाले, या हिशेबाने सरावालाही जाऊन आले. एकदा तिथे गुडघा निसटल्यासारखा झाला, पण ते मी कुणाला सांगितले नाही. पुढे आला २४ फेब्रुवारी. १६७४ साली याच दिवशी सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण आमच्या नेसरीच्या खिंडीत पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे ती कथा महाराष्ट्रभर गेली. आम्हा नेसरीकरांना मात्र ती कवितेच्याही आधी आजीच्या तोंडून कळलेली असते. त्या दिवशी मैत्रिणींबरोबर खिंडीतून परत येताना साध्या उतारावर माझा डावा गुडघा आतल्या आत निसटला आणि मी धुळीत बसले. या खेपेला हूल नव्हती, सामना नव्हता, काही नव्हते. पायाने दगा दिला होता. जिथे मराठ्यांचा सेनापती घोड्यावरून झेपावला तिथे मी उतार उतरू शकत नव्हते, ही कल्पना मला दुखण्यापेक्षा जास्त लागली.

त्या रात्री आबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीत चार वर्षे राहिलेले पैलवान. आज ते थोडे लंगडतात, भाताच्या लावणीत वाकू शकतात पण बसू शकत नाहीत. त्यांच्या लंगडण्याचा आमच्या घरात कधीच उच्चार होत नाही. घरातल्या जुन्या तुळईसारखे ते आहेच, असे आम्ही धरून चालतो. ते म्हणाले, "उद्या कोल्हापूरला जायाचं. खेळाडूंचा डॉक्टर हाय म्हणं एक."

गडहिंग्लजला एस.टी. बदलून आम्ही कोल्हापूरला पोचलो. सबंध वाटेत आबा बोलले नाहीत.

खेळाडूंच्या डॉक्टरचा दवाखाना म्हणजे भिंतीभर चषक आणि चकचकीत यंत्रे, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तिथे होते एक खाट, एक लाकडी पायरी, प्लॅस्टिकचा एक सुटा गुडघा आणि फरशीवर चिकटवलेली एक लांब मोजपट्टी. त्या मोजपट्टीचे तिथे काय काम, हे कळायला मला पुढे अकरा महिने लागले.

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याला हात लावला नाही. दारापासून खुर्चीपर्यंत मी कशी चालत आले तेवढे पाहिले आणि म्हणाले, "तो क्षण सांग. फक्त तो क्षण." मी सांगितला. मग त्यांनी चार प्रश्न विचारले. कुणी शिवले होते का? आवाज आला होता का? सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी? आणि आता पाय कधी दगा देतो का? माझी उत्तरे ऐकून ते म्हणाले, "निम्मं निदान तूच केलंस. न शिवता पडलीस, आवाज आला, दोन तासांत गुडघा भरला म्हणजे आत रक्त उतरलं. लचकीला एवढी घाई नसते."

नंतर त्यांनी तपासला तो माझा उजवा, म्हणजे चांगला गुडघा! मला वाटले, डॉक्टर चुकले. तसे मी म्हटलेही. ते हसले. "दर माणसाचा गुडघा निराळा. तुझा चांगला गुडघा हा माझा शब्दकोश. तो आधी बघायचा, मग दुसऱ्याचा अर्थ लागतो." गुडघा किंचित वाकवून, एका हाताने मांडी धरून, दुसऱ्या हाताने त्यांनी नडगी पुढे ओढली. उजवीकडे ती ठक्क करून थांबली, दावे ताणले गेल्यावर वासरू थांबते तशी. डावीकडे मात्र ती कडी निघालेल्या फाटकासारखी पुढे येत राहिली. मला ते दिसले. आबांनाही दिसले. पुढे एम.आर.आय. झाला, पण त्याने काही नवे सांगितले नाही. डॉक्टरांच्या हाताने जे सांगितले होते त्यावर त्याने फक्त शिक्का मारला.

डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा गुडघा हातात घेऊन मला माझाच गुडघा शिकवला. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे, पुढे वाटी. ही हाडे एकमेकांत खोबणी करून बसलेली नाहीत. खुब्याचा गोळा कसा वाटीत बसतो, तसे गुडघ्याचे नाही. एका जवळजवळ सपाट हाडावर दोन गोल टोके टेकलेली, एवढेच. त्यांना धरून ठेवतात चार मुख्य अस्थिबंध: दोन बाजूंना दोन, आणि मधोमध एकमेकांवर फुलीसारखे आडवे गेलेले दोन. त्या फुलीतला पुढचा, जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा, करंगळीएवढा अस्थिबंध माझ्या डाव्या गुडघ्यात पुरता तुटला होता. शिवाय दोन हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चेच्या गाद्या असतात. त्यातली आतल्या बाजूची गादी कडेला थोडी फाटली होती. "कडेला फाटली हे तुझं नशीब," डॉक्टर म्हणाले. कडेला रक्तपुरवठा असतो म्हणून तिथे शिवण धरते, आतल्या भागात धरत नाही. पूर्वी फाटलेली गादी सरसकट काढूनच टाकीत. फेअरबँक नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९४८ साली लिहून दाखवले की, गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे हाडांची झीज दिसू लागते. तरीसुद्धा ही गोष्ट सर्वांच्या गळी उतरायला पुढे कित्येक वर्षे गेली. आता शक्य तेवढी गादी राखतात.

आबांनी मध्येच विचारले, "शेकायचं का बर्फ लावायचा? गावात चार जण चार सांगत्यात."

डॉक्टर म्हणाले, ताज्या सुजेवर शेक आणि चोळणे ही दोन्ही वाईटच, आत रक्त उतरत असताना ते वाढवायचे कशाला? बर्फाने दुखणे कमी होते, पण त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७८ साली विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंच ठेवणे असा चार कलमी मंत्र पुस्तकात दिला. तो जगभर पाठ झाला. २०१४ साली त्याच मर्किनने लिहिले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबूही शकते. मला हे ऐकून त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल आदर वाटला. आपल्याच गाजलेल्या वाक्यावर छत्तीस वर्षांनी स्वतः काट मारणे सोपे नाही. आम्हाला साध्या ट्यूटोरियलमधली चूक कबूल करवत नाही!

आणि मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. "या गुडघ्याकडून तुला काय पाहिजे?"

मी गप्प. गुडघ्याकडून काय पाहिजे असते? आबाच म्हणाले, "पोलीसभरतीत पळायला पाहिजे. पोरीचं तेवढंच हाय मनात." डॉक्टर म्हणाले, "मी तिला विचारलंय." खोली शांत झाली. आमच्या घरात आबा बोलले की उत्तर झाले, अशी रीत आहे. मी खाली बघून म्हटले, "मला कबड्डी खेळायची आहे."

डॉक्टरांनी दोन्ही उत्तरे वेगळी करून सांगितली. सरळ रेषेत पळायला, शेतात राबायला, चढ चढायला हा अस्थिबंध नसला तरी मांडीचे स्नायू तयार करून पुष्कळांचे निभते. तो लागतो थबकायला आणि वळायला. स्वीडनमध्ये असा अस्थिबंध तुटलेल्या १२१ धडधाकट तरुण माणसांवर एक अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली. उरलेल्या ५९ जणांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची असे ठरवले. दोन वर्षांत त्यातल्या २३ जणांना ती करावी लागली, ३६ जणांना लागली नाही, आणि दोन्ही गटांची सरासरी प्रकृती सारखीच निघाली. "म्हणून मी कुणालाही पहिल्या दिवशी टेबलावर घेत नाही," ते म्हणाले. "पण कबड्डी म्हणजे सगळा खेळच थबकण्याचा आणि वळण्याचा. तुला बहुतेक शस्त्रक्रिया लागेल. तरी आधी सहा आठवडे व्यायाम कर. हा गुडघा पुरता सरळ होत नाही, मांडी वाळली आहे. वाळल्या मांडीवर केलेली शस्त्रक्रिया म्हणजे वाफसा नसताना केलेली पेरणी." शेवटी म्हणाले, "माझं काम दोन तासांचं. त्यानंतरचे नऊ महिने काम तुझं आहे. ते जमणार नसेल तर माझे दोन तास फुकट."

आम्ही उठलो. आबा दाराकडे निघाले तेव्हा डॉक्टर त्यांच्याकडे पाहात राहिले, जसे सकाळी माझ्याकडे पाहिले होते. "पैलवान, तुमचा कुठला? उजवा ना? कधी?"

कुणीतरी घरातल्या तुळईला हात लावला होता.

आबांनी आधी हसून टाळले. मग खुर्चीच्या पाठीला धरून, उभ्या उभ्याच सांगितले. यात्रेच्या मैदानात पट काढताना गुडघा फिरला होता. असाच आवाज आला होता. असाच शेक, असेच ओढणे झाले होते. "वस्ताद म्हणालं, दुखतंय म्हणणारा पैलवान न्हवं. सा हप्त्यांनी पुन्हा मातीत उतरलो. पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा फिरला. मग गावाकडं आलो." एवढेच. वीस वर्षे मी त्या माणसाच्या घरात वाढले आणि ही चार वाक्ये मला एका परक्या माणसाच्या खोलीत ऐकायला मिळाली.

डॉक्टरांनी आबांना खाटेवर झोपवले, गुडघा पाहिला. झीज पुष्कळ झाली होती. मांडीचे तीन व्यायाम दिले आणि वजन चार-पाच किलो उतरवायला सांगितले. आबांनी भीतभीत विचारले, "बैठकांनी खराब झाला का वो?" "बैठकांनी नाही," डॉक्टर म्हणाले. "बैठकांनी तर इतकी वर्षं तो तुम्हाला उभं ठेवलाय. खराब झाला तो सहा आठवड्यांनी."

परतीच्या एस.टी.त मात्र आबा बोलू लागले आणि बोलले ते खाशाबा जाधवांविषयी. कोल्हापूरच्या तालमीत राहिलेल्या माणसाला खाशाबा म्हणजे दैवत. कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, ही कथा आपल्या जिल्ह्यात कोण जाणत नाही? पण त्यांना १९५६ ची मेलबर्नची ऑलिंपिक का हुकली हे मला ठाऊक नव्हते. "गुडघा," आबा म्हणाले. पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले होते, आणि गुडघ्याने त्यांना अडवले. त्या काळात दुर्बिणीतून गुडघ्यात पाहण्याची विद्याच हाताशी नव्हती. जपानच्या वातानाबे यांनी दुर्बिणीतून फाटक्या गादीचा तुकडा काढला तो १९६२ साली, आणि तुटलेला अस्थिबंध दुर्बिणीतून नव्याने बसवला गेला तो १९८० च्या सुमारास. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. म्हणजे ज्या विद्येची त्यांना गरज होती ती त्यांच्या हयातीत जन्मली, पण त्यांची कुस्ती संपल्यावर. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यास्नी डॉक्टर न्हवता. मला हुता का न्हवता कुणास ठावं, मी गेलोच न्हाई."

आता बाशिंगाची गोष्ट. सहा आठवडे व्यायाम केले, गुडघा सरळ झाला, पण दगा द्यायचा तो देतच राहिला. शस्त्रक्रिया ठरली आणि घरात खडाजंगी सुरू झाली. खर्च होताच, पण आत्याचे म्हणणे निराळेच होते. "लग्नाच्या पोरीच्या गुडघ्यावर चीर पाडून घ्यायची? उद्या बघायला येणारे इचारतील, पोरगी लंगडती का?" पैसे होते, नव्हते असे नाही. आबांनी माझ्या लग्नासाठी म्हणून बँकेत थोडे थोडे टाकलेले होते. ते मोडायचे की नाही यावर तीन रात्री चर्चा झाली. चौथ्या रात्री आबा उठले आणि म्हणाले, "आता बास. पोरीचं बाशिंग आपण गुडघ्याला बांधू. कपाळाचं नंतर बघू." आजीसुद्धा हसली. मला हसू आले नाही. माझ्यासाठी कुणी एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान वाक्यात केली नव्हती.

गेल्या मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या बाजूची शीर घेऊन तिचा नवा अस्थिबंध केला, हाडांत भोके पाडून तो ओवला, गादीच्या कडेला टाके घातले. दुर्बिणीमुळे चिरा इतक्या लहान की बघायला येणाऱ्यांना त्या भिंग घेऊन शोधाव्या लागतील! खरे काम त्यानंतरचे. टाचेखाली घडी घालून गुडघा सरळ दाबायचा, दहा अंक. पाय सरळ उचलायचा, दहा अंक. टाच ओढत आणायची. भिंतीला पाठ लावून अर्धे बसायचे. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता अंक मोजायची आणि मी सात म्हटले की तिचे पाचच झालेले असायचे. टाळ्या नाहीत, शिट्टी नाही, गुण नाहीत. रामायण ऐकण्यापेक्षा रोज पायरी चढणे कठीण, हे मी अनुभवाने सांगते.

डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. बसवलेली शीर सुरुवातीला शरीराला परकी असते, पहिल्या काही महिन्यांत ती घट्ट होण्याऐवजी आधी कमकुवत होते, मग हळूहळू तिचा अस्थिबंध होतो. दुखणे मात्र त्याआधीच थांबलेले असते. धोका नेमका तिथे. माणसाला वाटते, बरे झाले. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, २०१६ साली, असे दिसले की खेळाडू जितके महिने थांबले तितक्या महिन्यांगणिक पुन्हा मोडण्याचे प्रमाण निम्म्यानिम्म्याने उतरत गेले, ते नवव्या महिन्यापर्यंत. ऋषभ पंतचे उदाहरण त्यांनी दिले. ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात त्याचा उजवा गुडघा निखळला. मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली. तो मैदानात परतला मार्च २०२४ मध्ये, पंधरा महिन्यांनी, आणि त्याच जूनमध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. विनेश फोगाटचा गुडघा २०१६ साली रिओच्या आखाड्यात गेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, त्यासाठी आशियाई स्पर्धा सोडावी लागली. पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिसला तिने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तिथे वजनाने घात केला तो भाग वेगळा, गुडघ्याने केला नाही.

हे सगळे मला पाठ होते. तरीही परवाच्या डिसेंबरात, म्हणजे सातव्या महिन्यात, आमच्या संघात एक चढाईपटू कमी पडली तेव्हा मी पाठ केलेले सगळे विसरले. गुडघा दुखत नव्हता. मी पळत होते. कुणी आग्रह केला नाही, मीच कर्णधार मुलीला म्हटले, "मी येते." घरी येऊन आबांना सांगितले. मला वाटले, पैलवान माणूस, खूष होईल. शिवाय प्रतापरावांच्या गावचे आम्ही, मागे फिरणे आम्हाला कुणी शिकवलेच नाही.

आबा ओसरीवर बसून डॉक्टरांनी दिलेला व्यायाम करीत होते. मांडी आवळून धरलेली, दहा अंक मोजून झाल्याशिवाय ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "प्रतापरावास्नी मागं फिरायची वाट न्हवती. महाराजांचा सबुद हुता. तुला हाय. मला बी हुती." आणि पुन्हा मोजायला लागले.

मी गेले नाही. मैदानाच्या कडेला बसून सामना पाहिला. प्रथम वर्षाची एक मुलगी माझ्या जागी खेळली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्यापेक्षा बरी खेळली. आनंदही झाला आणि पोटात कालवलेही. हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकते, हे मला त्या दिवशी समजले.

या महिन्यात नऊ महिने भरले. कोल्हापूरला गेले तेव्हा फरशीवरच्या त्या मोजपट्टीचा उलगडा झाला. तिच्यावर एका पायाने उडी मारायची. आधी चांगल्या, मग दुखऱ्या. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे, असे आणखी तीन-चार निकष, आणि ते सगळे जमले तर मैदान. माझी उडी भरली ८४ टक्के. डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांनी ये." नऊ महिने हे फाटक आहे, घंटा नव्हे की वाजली आणि शाळा सुटली. मी बाहेर येऊन पायरीवर थोडा वेळ बसले. मग उठले.

एक काम मात्र मी सुरू केले आहे. खेळाडू मुलींचा हा अस्थिबंध मुलांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात तुटतो, असे जगभरचे आकडे आहेत. मांडीची ताकद, उडीवरून उतरण्याची पद्धत, लहानपणापासून मिळालेला सराव यांचा त्यात वाटा आहे. यातल्या पुष्कळ गोष्टी शिकवता येतात. फुटबॉलपटूंसाठी तयार झालेला वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम आहे, त्याने दुखापती घटल्याचे अनेक देशांत दिसून आले आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत मिटू द्यायचे नाहीत, पावलांच्या रेषेत ठेवायचे, असे साधेच धडे. मी ते आमच्या प्रथम वर्षाच्या मुलींकडून सरावाआधी करवून घेते. त्या कंटाळतात. "ताई, कबड्डी कधी?" म्हणून विचारतात. माझ्या जागी खेळलेली ती मुलगी सर्वांत जास्त कंटाळते. मी तिलाच सर्वांत पुढे उभी करते.

परवा २४ फेब्रुवारीला पुन्हा खिंडीत गेले होते. या वेळी आबा बरोबर होते. परत येताना तोच उतार आला. आबा एका बाजूने उतरत होते, मी दुसऱ्या बाजूने. दोघेही सावकाश, पाऊल बघून. मागून येणारी पोरे आम्हाला ओलांडून धावत पुढे गेली. आबा थांबले, त्यांच्या पाठमोऱ्या गुडघ्यांकडे पाहात राहिले आणि म्हणाले, "बघ, कशी पळत्यात." त्या आवाजात हेवा होता की काळजी, मला नीट कळले नाही. मी त्यांना हात दिला नाही, त्यांनीही मला दिला नाही. उतार मात्र दोघांचाही उतरून झाला.